उलटी बसवलेली चकती

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायचं नव्हतं खरं तर. पण हात सवयीने चालला, आणि खोडाखोड केलेलं पत्र तुला कधी आवडायचं नाही, म्हणून राहू दिलं. तुला जाऊन पाच महिने झाले. तुझ्या दिवसांत पेणला मी गप्प बसून होते, तेव्हा सगळे म्हणाले, कुंदाला फार लागलंय. लागलं होतंच. आज मात्र मी रडायला नाही, भांडायला बसले आहे. आणि भांडायला तू समोर नाहीस, याचाही मला राग येतो आहे!

काल वहिनीने आईचं मशीन टेम्पोत घालून इकडे रोह्याला पाठवलं. तेच काळं पायमशीन, आईच्या लग्नात आजोबांनी मुंबईहून आणलेलं, धरमतरच्या धक्क्यावर लाँचमधून चौघांनी उतरवलेलं. त्यावरची सोनेरी वेल आईच्या पंजाखाली जिथे यायची तिथे पार पुसून गेली आहे. सोबत तुझी पकड आणि पानेही आले. वहिनी म्हणाली, "तुजं तू बघ. इथं नुसतं कपडे टाकायला झालंय."

आज सकाळी चहा झाल्यावर मी चादर काढली. मशीन मेलेलं आहे हे मला दहा वर्षांपासून पाठ होतं. पण तूच फोनवर शिकवलेलं काही सुटत नाही ना! "कुंदे, पाना हातात घेऊ नको. आधी सुई बदल. मग वरचा दोरा काढून पुन्हा ओव. मग बॉबिन बघ. येवढं करून नाय झालं, तर मगच उघड." तसंच केलं. सुई सरळ. दोरा ठीक. बॉबिन ठीक. पायडल मारलं तर चाक गरगर फिरलं आणि सुई जागची हलली नाही.

चाकाच्या मधला मोठा स्क्रू आवळला. पुन्हा चाक नुसतंच फिरलं. आणखी आवळला. तेच.

दादा, हे काय असतं ते मला ठाऊक होतं! बॉबिन भरताना सुई थांबावी म्हणून तो स्क्रू सैल करतात, आणि त्याच्यामागे कान असलेली एक छोटी चकती असते. ती फिरून उलटी बसली की स्क्रू कितीही आवळा, चाक सुईला धरत नाही. तूच दाखवलं होतंस, माझ्याच मशीनवर. "नवशिके हितंच फसतात," म्हणून हसला होतास. मी स्क्रू काढला. चकती उलटी होती.

तू नवशिका होतास का रे? साऱ्या पेणातली जुनी मशीनं तुझ्या मागच्या पडवीत यायची. जोह्याहून, गडबहून बायका एसटीत डोकं मांडीवर घेऊन यायच्या, म्हणजे मशीनचं डोकं. तुझ्या हातून चकती उलटी बसेल?

तरी मनाला म्हटलं, चुकला असेल. म्हणून पुढचं झाकण उघडलं, मशीन आडवं करून खाली बघितलं. आत आरशासारखं स्वच्छ! खोबरेलाचा वास नाही, चिकटा नाही. प्रत्येक सांध्यात पातळ तेल. शटलमध्ये दोऱ्याचा एक तंतू नाही, आणि आई दर खंडेनवमीला मशीनवर अक्षता टाकायची, त्यातला एक दाणाही आत नाही. चकती सरळ केली, स्क्रू आवळला, पायडल मारलं. मशीन चाललं. पहिल्या फटक्यात! टाका असा, की पोरीच्या साखरपुड्याचं ब्लाउज शिवावं.

मी हात पुसले. मग वहिनीला फोन लावला.

"मला काय ठावूक नाय गो," ती म्हणाली. "दरवर्षी दिवाळीच्या आधी झाकण काढून तेल द्यायचे. मी बोलायचे, बंद पडलेल्या मशीनला तेल कशाला? तर म्हणायचे, गंजेल."

गंजेल! म्हणजे मशीन तू दुरुस्त केलंस, धुतलंस, पुसलंस, आणि मग बसून, डोकं ठिकाणावर ठेवून, चकती उलटी केलीस.

आईने खोबरेल घातलं होतं हे खरं. मशीनचं तेल संपलं होतं आणि तिला कोणाची तरी दुपटी शिवून द्यायची होती. थंडीत ते गोठलं, चाक जड झालं. बिचारीने आपणहून येऊन तुला सांगितलं. तू मशीन पडवीत नेलंस. दोन दिवस रॉकेलचा वास येत होता, असं ती मला नंतर सांगायची. तिसऱ्या दिवशी मशीन घरात आणून ठेवलंस आणि म्हणालास, "आतून जाम झालंय सगळं. खोबरेल घातलंस ना? आता पार्ट मिळत नाय ह्याचे." येवढंच. दुसऱ्या कोणाला दाखवायचा प्रश्नच नव्हता. मुलगाच मिस्त्री, मग कोणाकडे जाणार ती?

त्यानंतर ती सहा वर्षं जगली, दादा. सहा वर्षं.

दर खंडेनवमीला चादर काढायची, हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची आणि हात जोडून म्हणायची, "माजं चुकलं गो बाय. माज्या हातानं मारलं तुला." मशीनची माफी मागायची! तू शेजारीच पाटावर तुझे पाने आणि पकडी मांडत असायचास. ऐकत असायचास. एकदाही तोंडातून शब्द निघाला नाही तुझ्या? प्रसादाचा पेढा घशाखाली कसा उतरायचा रे?

आणि माझं काय? माझ्या नातवाचं पहिलं झबलं तिने हाताने शिवलं. साऱ्या आळीतल्या पोरांची झबली-टोपडी जिने शिवली, तिच्या हातचं झबलं एका बाजूने आखूड झालं. ती म्हणाली, "मशीन आसतं तर..." आणि मी, तुझी शहाणी बहीण, फटकन म्हणाले, "आता हळहळून काय उपयोग? दादा किती वेळा सांगायचा, खोबरेल घालू नको म्हणून!" तिने मान खाली घातली. "बरोबर हाय तुजं," म्हणाली. ते वाक्य मला आता परत घेता येत नाही. ते माझ्या तोंडात तू घातलंस.

तू असं का केलंस ते मला कळत नाही असं समजू नकोस. त्याच्या महिनाभर आधी सुई तिच्या बोटातून नखासकट आरपार गेली होती. साखर असलेली बाई, जखम भरेचना. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर बोट काढावं लागेल. एक दिवसाआड ड्रेसिंगला तूच स्कूटरवरून न्यायचास. पट्टी सोडताना तू भिंतीकडे तोंड करायचास. घाबरला होतास तू. कबूल. मीही घाबरले असते.

पण मग तसं सांगायचंस की! "आई, मला भीती वाटते, शिवू नको." ती भांडली असती, दोन दिवस अबोला धरला असता. येवढंच ना? ते भांडण नको म्हणून तू तिच्या माथी पाप मारलंस! आणि उपाय तुला माहीत नव्हता असंही नाही. गडबच्या शिवणवर्गात नव्या मुलींच्या मशीनांना सुईच्या पुढे तारेची आडवी कडी तूच बसवून दिली होतीस, बोट आत जाऊ नये म्हणून. तारेचा एक तुकडा, दादा! परक्या पोरींसाठी सुचला आणि आईसाठी नाही सुचला?

आणि तेल कशाला देत होतास? एक दिवस सुरू करून देणार होतास का? कधी? ती गेल्यावर चार वर्षं कोणासाठी देत होतास?

आता माझी गोष्ट ऐक. ती लिहायला मला लाज वाटते आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला हमीदाचाची राहतात. पंचाहत्तरी ओलांडली, पण अजून उशांचे अभ्रे, नातवंडांचे कुर्ते स्वतः शिवतात. मशीन आईच्यासारखंच जुनं, आणि त्याची देखभाल माझ्याकडे. मागच्या आठवड्यात त्यांच्या सलीमचा कुवेतहून फोन आला. "कुंदामावशी, अम्मीचे हात कापतात आता. तुमी मशीनमंदी कायतरी करून ठेवा आनि बोला, पार्ट मिळत नाय. तिला कळायला नको."

मी काय म्हटलं असेल? "बघते." म्हणजे होच. पोराची काळजी मला पटली. शुक्रवारी जायचं ठरलं होतं, आणि काय करायचं तेही ठरलं होतं. चकती उलटी करायची! शोभते की नाही तुझी बहीण?

इथपर्यंत लिहून मी पत्र तसंच ठेवलं आणि चाचींकडे जाऊन आले. आता दुपारचे तीन वाजले आहेत.

सगळं सांगितलं त्यांना. सलीमचा फोन, माझं "बघते", आईचं मशीन, तू. चाचींनी हातातला अभ्रा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "बोट माजा, मशीन माजी. मला इचारायचं नाय?" दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "बग, कापतात. खोटं कशाला बोलू? पन सुई अजून मी वोवते. ज्या दिवशी नाय जमनार ना गो कुंदा, त्या दिवशी मीच चादर टाकीन वर." आणि माझ्यासमोर कुवेतला फोन लावून पोराची अशी हजेरी घेतली, की शेवटी मलाच त्याची कीव आली. तू आईच्या तोंडून असं एकदा तरी ऐकून घेतलं असतंस, तर सुटला असतास.

मग त्यांच्या मोडक्या छत्रीची एक तार मागून घेतली. तुझ्याच पकडीने वाकवली, कापड दाबणाऱ्या पायाच्या स्क्रूखाली बसवली. चाचींनी बोट पुढे सरकवून बघितलं. तारेला अडलं. आतून सुनेने चहा आणला तोवर काम झालंसुद्धा होतं.

येवढंच काम होतं, दादा.

आता शब्द देते, आणि तुझ्यासारखा मनात ठेवत नाही, लिहून देते. माझ्या हातून कोणाचंही चालतं मशीन बंद पडणार नाही, कोणाच्या मुलाने कितीही प्रेमाने सांगितलं तरी. जिचं मशीन, तिला तोंडावर खरं सांगेन. मग ती भांडो.

आणि पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आहे. आईच्या मशीनला हळदकुंकू लावीन. अक्षता तेलाच्या भोकात जाणार नाहीत, बेतानेच टाकीन. त्यावरून तू किती ओरडायचास! तुझी पकडही पूजेला मांडीन, ती चांगली आहे. तुझ्या वतीने माफी मात्र मागणार नाही. ती तुझी तू माग, आई आता तुझ्याजवळच आहे. मी हात जोडून येवढंच म्हणणार आहे, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असं: आई, तुझं काही चुकलं नव्हतं.

अजून रागावलेली,
तुझीच
कुंदा