जानव्याची किल्ली

८ एप्रिल १९७३, रविवार
आजपासून रोजनिशी. विचारवंताचे विचार वेळीच कागदावर उतरले पाहिजेत, नाहीतर ते संसारात खर्च होतात. नगरच्या व्याख्यानमालेचं पत्र आलं, २० मे. विषय मीच सुचवला होता : तत्त्वज्ञान आणि धर्म यांतील फरक. यावर अधिकाराने बोलेल असा दुसरा माणूस जिल्ह्यात मला तरी दिसत नाही. बी.ए. फिलॉसॉफी, सेकंड क्लास. हायस्कुलात भूगोल शिकवतो, तो भाग वेगळा.
संकल्प : रोज पहाटे पाचला चिंतन.

९ एप्रिल, सकाळी ८
जाग आली नाही. शास्त्रात सुषुप्तीलाही मान आहे.

१३ एप्रिल
गावच्या विहिरी आटल्या. आमच्या परसातल्या आडाला मात्र पाणी आहे. वडिलांनी खोल खणला होता. दूरदृष्टी आमच्या रक्तातच आहे. शेजारची छबूबाई रोज दोन कळश्या नेते.
गावाने ठरवलंय, महादेव बुडवायचा. गाभाऱ्याची मोरी बंद करून पिंड बुडेपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे देवाचा जीव गुदमरतो आणि तो पाऊस पाडतो. घरटी एक घागर. रंगनाथ गुरव आमच्याकडे मागायला आला. त्याला अर्धा तास समजावलं. पाणी नाही म्हणून पाणी ओतायचं, हा कुठला न्याय? धर्म मागतो, तत्त्वज्ञान विचारतं. रंगनाथ म्हणाला, मास्तर, पटतंय, पन घागर द्या. दिली नाही. वाक्य उत्तम झालं, व्याख्यानात घ्यायचं.

१४ एप्रिल
नवा मुद्दा सुचला. छबूबाई आपलं पाणी देवळात ओतत नसेल कशावरून? अंधश्रद्धेवर बोलायचं आणि मागच्या दाराने तिलाच पाणी पुरवायचं, ही विसंगती. ती मला खपत नाही. आडावर पत्र्याचं झाकण बसवलं, त्याला अलीगढचं कुलूप. किल्ली जानव्याला बांधली. जानव्याचा आयुष्यातला पहिला तर्कशुद्ध उपयोग.
सौ. सुमेधा म्हणाली, छबूबाईला एकदा विचारा तरी. मी म्हटलं, तत्त्व माणूस बघत नाही. ती म्हणाली, आंघोळीची दुसरी बादलीही बघत नसेल. आंघोळ म्हणजे हायजीन, हे सुमेधाला कोण सांगणार?

१७ एप्रिल
छबूबाईचा नवरा कारभारी येऊन गेला. दोघं दुष्काळी कामावर खडी फोडतात. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, मास्तर, देवाला थेंब घालायचो न्हाई, पोरांना प्यायला येक कळशी द्या, लई न्हाई मागत. मन हेलावलं. पण एकाला अपवाद केला की नियम उरत नाही, हे त्याला सोप्या मराठीत सांगितलं. व्हय म्हणाला आणि गेला. सामान्य माणसालाही तत्त्वज्ञान कळतं, सांगणारा पाहिजे.

२६ एप्रिल
छबूबाई हल्ली माळावरच्या विहिरीला जाते. जाऊन-येऊन दोन मैल. चालणं प्रकृतीला चांगलं.
सौ. बोलत नाही. घरात शांतता, त्यामुळे व्याख्यान झपाट्याने पुढे सरकलं. (चार ओळी.) आडात बादली सोडली की तळाला खणकन वाजते. आंघोळीची दुसरी बादली बंद केली. त्यागात एक आनंद असतो.

४ मे, शुक्रवार, सकाळी
छबूबाई गेली. माळावरच्या विहिरीत पोहरा बुडेना म्हणून पायऱ्या उतरून खाली गेली. पाय घसरला. खाली खोल पाणी असतं तर वाचली असती म्हणतात. खाली दगड होता.
बसून कारणमीमांसा लिहिली. निकटचं कारण : सुटलेली पायरी. मूळ कारण : अवर्षण. कुलूप या साखळीत कुठेच येत नाही. दोनदा तपासलं.

४ मे, दुपारी
सौ. किल्ली मागायला आली. मयताला आंघोळ घालायची आहे, त्यांच्याकडे तांब्याभर पाणी नाही म्हणाली. मी शांतपणे सांगितलं की देह निर्जीव झाल्यावर स्नान हा निव्वळ आचार. तिथे तत्त्वज्ञान संपतं आणि धर्म सुरू होतो. बरोबर याच विषयावर... ती जवळ आली. मला वाटलं ऐकते आहे. तिने किल्ली धरली आणि हिसका दिला. जानवं तुटलं. घागर घेऊन गेली.

४ मे, संध्याकाळी
जानवं तुटल्यावर नवं घालेपर्यंत बोलायचं नसतं. माझा यावर विश्वास नाही. पण बोललो नाही. विश्वास नसल्यामुळे घरात जादा जानवंही नव्हतं. राधाकृष्णभटांचं घर गल्लीच्या टोकाला, मध्ये कारभारीचं दार. तोंडावर पंचा धरून तिथून गेलो. छबूबाई दारात होती, केस ओले. आमच्या आडाचं पाणी अंगणातून वाहत होतं. बायका बाजूला झाल्या. कोणीतरी म्हणालं, मास्तरांना रडू आवरंना.
भटांना खुणेनेच सांगितलं. नवं घातलं. मग बोलायला मोकळा झालो, पण घरी बोलायला कोणी नव्हतं.
कारणमीमांसा पुन्हा तपासली.

७ मे
सौ. बेलापूरला माहेरी गेली. तिकडे पाटाला पाणी आहे, एवढंच म्हणाली. परत कधी, ते विचारलं. ऐकू गेलं नसावं. किल्ली देव्हाऱ्यात ठेवून गेली. मी ती नव्या जानव्याला बांधली.

२० मे, नगर
व्याख्यान झालं. श्रोते सात, त्यात शिपाई धरला आहे. 'धर्म मागतो, तत्त्वज्ञान विचारतं' या वाक्याला थांबलो. टाळी आली नाही. पंखा बंद होता, त्यामुळे लोक हातात पुठ्ठे घेऊन वारा घालत होते. शेवटी प्रश्नोत्तरं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. तुमच्या गावाकडे पाण्याचं कसं काय, एवढंच विचारलं. पुरेसं आहे म्हणालो.

२३ मे, बुधवार
आड आटला. बादलीत चिखल आला. कालपासून घशाखाली पाणी नाही. शेजारी मागायला जावं असं दोनदा वाटलं, दारापर्यंत गेलो. मला त्या दाराची भीती वाटते.
दुपारी कडी वाजली. कारभारी, खांद्यावर घागर. डोकं भादरलेलं, केस थोडे उगवलेले. म्हणाला, पाऊस काय येत न्हाई, गावानं देवाची मोरी खोलली. पानी वाटून घेतलं, घरटी येक घागर. ही तुमची. मी म्हटलं, गाभाऱ्यासाठी मी घागर दिली नव्हती.
तो म्हणाला, आमच्या मयताला दिली की. वयनी सांगत हुत्या, मास्तरांनी सोता आड खोलून दिला. आन तुमी तोंडाला पंचा लावून आमच्या दारावरनं गेलता, त्ये मी बघितलं. तवढं तुमीच रडलात, आमच्या भावकीतलंबी कोन रडलं न्हाई.
घागर आत ठेवली त्याने. मी पाण्याकडे बघत होतो. तो थांबला, मी काही म्हणेन म्हणून. मग गेला.
जानवं अंगावर नवं होतं. बोलायला हरकत नव्हती.