बावखलाचा वाटा

२६ डिसेंबर २०२४
आलो एकदाचे उमेळ्यात! केळीच्या वाडीत दोन खोल्या, दारात तुळस आणि मागे दगडी पायऱ्यांचं बावखल, म्हणजे वाडी शिंपायचं तळं. साताऱ्याच्या माणसाला एवढं पाणी पाहूनच भरून येतं. कुशलचं ऑफिस माणिकपूरला, रिक्षाने दहा मिनिटं. आमची हेमाली, वय वर्षं पाच, दिवसभर बदकं मोजतेय. दर वेळी नवा आकडा. घरमालकीण मालनकाकींना आईच्या हातचा मोरावळा दिला. शेजारच्या थेरेसाआंटी नाताळचा केक घेऊन आल्या. मला इथे करमणार.

२९ डिसेंबर
काकी लेकीच्या बाळंतपणाला बडोद्याला गेल्या. जाताना एक काम सोपवलं. उद्या अमावस्या, दर वर्षी या अमावस्येला बावखलाला कोहळा द्यायचा. पूर्वी बोकड कापायचे. काकींच्या आजेसासऱ्यांनी ते थांबवून बदली कोहळा सुरू केला. त्यावर कुंकवाचे डोळे काढायचे, ‘जिवाच्या बदली’ म्हणायचं आणि फोडून पाण्यात सोडायचा. डोळे काकींनी स्वतःच काढून ठेवलेत. घरात चिरायचा नाही, असं त्यांनी तीनदा बजावलं. मी मान डोलावली. कोहळा मात्र काय देखणा आहे!

३० डिसेंबर
पाच किलोचा कोहळा पाण्यात? माझ्याने नाही झालं. कुंकू पुसलं, किसला आणि वड्या थापल्या. मोरावळा देऊन कोहळा काढलास की, म्हणून कुशल हसला. पहिली वडी हेमालीच्या हातावर ठेवली. संध्याकाळी काकींचा फोन, दिला का म्हणून. दिला, म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही. आता लिहिताना मात्र लाज वाटतेय.

२ जानेवारी
हेमालीच्या हातापायांवर पांढरी भुकटी येतेय. आंघोळीने जाते, दुपारी परत. डॉक्टर म्हणाले, थंडीने कातडी कोरडी पडलीय; मलम दिलं. मी बोट फिरवून पाहिलं. ही भुकटी माझ्या ओळखीची आहे. चिरण्याआधी कोहळ्यावरून हीच पुसली होती.

४ जानेवारी
बाजारातून दोन कोहळे आणले. डोळे काढले, म्हणायचं ते म्हटलं, फोडून सोडले. दुपारी दोन्ही पायरीला येऊन लागलेले. अखंड.
थेरेसाआंटींना सगळं सांगितलं. कुशलला सांगायची छाती होत नाही. आंटींनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघाला तेव्हा देवाने बदली एडका दिला. तो एडकाच कुणी आधी खाऊन टाकला असता तर? बोलून गेल्या आणि त्यांनाच वाईट वाटलं. ‘मालनला खरं सांग गो, बाय,’ एवढंच म्हणून त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

५ जानेवारी
काकींना खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, डोळे काढले की ती भाजी राहत नाही, ते बावखलाचं होतं. त्याचा वाटा पहिल्यांदा ज्याच्या तोंडात गेला, तोच — पुढे रडायलाच लागल्या.
पहिली वडी. मी दिली. माझ्या हाताने.

६ जानेवारी
वेणी घालताना — मानेच्या वर, केसांखाली — दोन डोळे. कुंकवाचे. धुतले. घासले. लेकरू रडलं. जात नाहीत.
तेव्हा किती सहज पुसले होते मी.

७ जानेवारी
कुशलला सांगितलं. त्याने लगेच बॅग भरली. हेमालीला घेऊन साताऱ्याला निघाला. रिक्षा वळेपर्यंत ती हात हलवत होती. पांढराफटक हात —
वड्या मी केल्या. खोटं मी बोलले. बदली मीच जायला हवं.
आरशात बघून कपाळावर डोळे काढलेत. काकींनी काढले होते तसेच. पायरीवर बसून लिहितेय. बदकं सगळी काठावर, पाण्यात एकही नाही.
कुशलचा फोन वाजतोय. पुन्हा. पुन्हा. उचलायची हिंमत —
खालच्या पायरीवर भुकटीची पावलं. इवलीशी. पाण्याकडे गेलेली. परत आलेली एकही —
पण ती तर आत्ता रिक्षात