टीव्हीकडे पाठ करून

तिन-तेबोराक,
गुरुवार, १४ ऑगस्ट २०१४

राइशातू,

सलाम. उन्हाचं कसं काय? थकव्याचं कसं काय? शेळ्या बऱ्या? झाडांवरचे खजूर बरे? आईंचे गुडघे बरे? माझं सगळं बरं आहे.

झाली विचारपूस. आता खरं सांगतो, काहीही बरं नाही.

तू माझ्यापासून दोनशे पावलांवर आहेस. तुझ्या काळ्या शेळीचा खोकला मला इथं अंगणात ऐकू येतो. तरी पत्र लिहावं लागतंय, कारण तुझा तंबू आता तुझ्या आईंच्या तंबूशेजारी आहे आणि त्यांनी बोलावल्याशिवाय तिथं पाऊल टाकायची माझी छाती नाही. फोन तू उचलत नाहीस. निरोप पोचवायला देवानं आपल्या लोकांना लोहार दिले, आणि आपल्या वाट्याला अहूदान लोहार दिला. यात देवाचा काय हेतू होता ते मला इथं आल्यापासूनच्या नऊ दिवसांत कळलेलं नाही.

मी मुळात खजुरांसाठी आलोय. झाडं बघायची, उतरवायला माणसं लावायची, एवढंच. विहिरीवर सगळ्यांना मी हेच सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. माझा विश्वास कोणी ठेवला नाही हे मला त्या मान डोलावण्यावरूनच कळलं. आपल्या गावात माणूस दुसऱ्याचं खोटं इतक्या अदबीनं ऐकून घेतो की खोटं बोलणाऱ्यालाच लाज वाटावी.

आणि पुरुषांचं काय सांगू! मला बघितलं की तोंड झाकायचा पटका नाकावरून वर ओढतात, पार डोळ्यांपर्यंत. मुद्दाम. काल तो म्हातारा इलातान, ज्याचा स्वतःचा पटका जाळीसारखा झालाय, मला म्हणतो, "घूमूर, बाळा, राजधानीत कापड महाग आहे का रे? तुला कमी पडत असेल तर माझ्यातलं हातभर फाडून देतो." विहिरीवरच्या बायका इतक्या हसल्या की एकीचा दोर हातातून सुटला. मी अठरा वर्षं रेडिओवर मंत्र्यांना सोलून काढलं. तिथं मी नुसता बादली उचलून घरी आलो.

अहूदानचं ऐक. पहिल्या दिवशी मी त्याच्याबरोबर निरोप पाठवला, की भेटायचं आहे. सकाळी गेलेला माणूस ऊन कलल्यावर आला.

"काय म्हणाली?"

"चहा फर्मास होता."

"अरे, माझ्या निरोपाचं काय?"

"तीन पेले प्यायल्याशिवाय निरोप सांगतात का? मी लोहार आहे, पोस्टमन नाही. तिसऱ्या पेल्याला त्यांच्याकडे पाहुणे आले. मी उठलो."

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "राइशातू बोलली बाबा."

"काय?"

"शेळीला खोकला आहे."

"माझ्याबद्दल काय बोलली?"

"जावईबापू, शेळीची तब्येत तुझ्यापेक्षा नाजूक आहे. आधी तिचं होऊ दे."

पाचव्या दिवशी मी त्याच्यावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "ओरड, ओरड. तुझं तोंड तर आता सगळ्या देशानं बघितलंय, आवाज तरी कशाला लपवतोस?" लोहाराला लाज नसते हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याला लाज नसते म्हणूनच त्याला मधे घालतात. पण ती नसलेली लाज आपल्या अंगावर आली की कसं वाटतं, हे मला पन्नाशीत समजलं.

इथं तू म्हणशील, मग तोंड उघडायला कोणी सांगितलं होतं?

कोणी म्हणजे निर्मात्यानं. तुला ठाऊक आहे ते पुन्हा सांगतो, कारण मी ते सगळीकडे एकाच पद्धतीनं सांगत आलोय आणि ती पद्धत आता मलाच पटेनाशी झालीय. रेडिओतून टीव्हीवर गेलो तेव्हा तो निर्माता म्हणाला, "तोंड दिसल्याशिवाय लोक हसणार नाहीत, साहेब. पटका काढा." मी काढला. मंत्र्याच्या मेजवानीची नक्कल होती. समोर बकऱ्याची अख्खी तंगडी ठेवली होती आणि मी ती मन लावून खाल्ली. मला काय माहीत, त्याच आठवड्यात तिन-तेबोराकच्या दवाखान्याला सौरपट्ट्या लागल्या, त्यावर टीव्ही लागला आणि अंगणात सगळा गाव चटया टाकून बसला. पहिल्या चटईवर तुझ्या आई. बावीस वर्षं ज्यांच्यासमोर मी पाण्याचा घोट घेतला नाही, ज्यांची चाहूल लागली की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, ज्यांचं नाव मी या पत्रातही लिहीत नाहीये, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा टीव्ही बघितला आणि त्यावर पहिली गोष्ट काय दिसली, तर जावयाचं चावणारं तोंड. दातांसकट. ओघळणाऱ्या चरबीसकट.

त्यात माझी चूक किती? तू म्हणालीस, फारशी नाही. फोनवर म्हणालीस. तुला हसू येत होतं आणि तू ते दाबत होतीस. आई तीन दिवस तंबूतून बाहेर आल्या नाहीत, डोक्यावरून ओढणी घेऊन बसल्या होत्या आणि "मी बघितलं, मी बघितलं" एवढंच म्हणत होत्या, हे तू त्यांच्या आवाजात करून दाखवलंस. मग म्हणालीस, "घूमूर, हे कोणाला सांगू नकोस हं."

नऊ दिवसांत मी सगळ्यांशी भांडलो. अहूदानशी, इलातानशी, ओढ्याला पाणी आलं म्हणून दोन दिवस उशिरा पोचलेल्या ट्रकवाल्याशी, दवाखान्याच्या परिचारिकेशी, जिनं विचारलं की बीपी तपासू का. तुझ्याशीही भांडलो, मनातल्या मनात. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीवरून बावीस वर्षांचा तंबू उतरवतात का? मी सुट्टीत आलो तर अंगणात चुलीचे तीन दगड आणि खांबांचे चार खड्डे. आपल्यात तंबू बायकोचा, म्हणजे तंबू तुझा, चटया तुझ्या, पलंग तुझा. सगळं रीतसर. माझं म्हणून जे होतं ते कोठीच्या दारात एका पिशवीत. वर माझा रेडिओ. आपल्या लेकीनं, मरियामानं, अगादेझ शहरातून फोनवर दोघांनाही शिव्या घातल्या, मला जरा जास्त.

एवढीशी गोष्ट नव्हती ती. लिहितो आता. शाई आहे, कागद आहे, आणि समोर हसायला कोणी नाही.

तू नको म्हणालीस आणि पुढच्याच गुरुवारी मी ते सांगितलं. निर्मात्यानं भाग पाडलं नाही. कोणी पाडलं नाही. त्या दिवशी मजकूर कमी पडत होता, आणि हा किस्सा खिशात होता, आणि तो उत्तम होता. मी डोक्यावरून ओढणी घेतली. मी "मी बघितलं, मी बघितलं" म्हणालो. तुझ्या आईंचा आवाज काढला. लोक खुर्च्यांवरून पडले. राइशातू, माझ्या कामात इतकं हसू मला कधीच मिळालं नव्हतं, आणि ते मला आवडलं. हे सांगायला मला नऊ दिवस लागले.

पण एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती परवा कळली.

परवा, मंगळवारी सकाळी, मी अहूदानच्या भट्टीवर होतो. तो म्हणाला, "फुकट बसतोस, तर भाता ओढ." आपल्या घराण्यातल्या कोणी आजवर लोहाराचा भाता ओढला नव्हता. मी ओढला. त्याला इतका आनंद झाला की त्यानं बायकोला, तानफाला, हाक मारून दाखवलं. तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मी चटईच्या आडोशाला गेलो, पटका डोळ्यांपर्यंत ओढला, भिंतीला चिकटलो.

तुझ्या आई आत आल्या नाहीत. दाराशी अहूदानची गाढवी बांधलेली असते, तिच्याशी बोलायला लागल्या.

"काय गं, बरी आहेस? तुझ्या मालकाला सांग, माझ्या दाभणाचं नेढं तुटलंय."

"गाढवी म्हणते, ठेवून जा, आजी," अहूदान म्हणाला.

"आणि तिला विचार, गावात कोणी पाहुणा आलाय म्हणतात. तो जेवतो का?"

"गाढवी म्हणते, जेवतो. पण टीव्हीवर जेवायचा तसं नाही."

मला त्याच भट्टीत शिरावंसं वाटलं. तुझ्या आई हसल्या नाहीत.

"गाढवीला सांग, तो रेडिओवर होता तेव्हा मला बरा वाटायचा. रेडिओला तोंड नसतं. मी दर शुक्रवारी ऐकायचे. शेळ्या धारेला थांबायच्या, पण मी आधी ते ऐकायचे. शेजारणींना म्हणायचे, हा आमचा."

अहूदाननं हातातला हातोडा खाली ठेवला.

"टीव्हीवर तोंड दिसलं, तेव्हा मला लाज वाटली. तीन दिवस वाटली. चौथ्या दिवशी मी म्हटलं, तिथं राजधानीत तसंच करतात, त्याचा काय दोष. आणि गुरुवारी पुन्हा गेले दवाखान्यात. टीव्हीकडे पाठ करून बसले. म्हणजे त्याचं तोंड दिसायला नको आणि बोलणं ऐकू यावं. सगळ्या गावाची तोंडं माझ्याकडे, आणि मी त्यांच्याकडे. आणि मग माझ्या पाठीमागून माझाच आवाज आला."

भाता माझ्या हातात नव्हता तरी मला भात्यासारखा श्वास लागला होता.

"गाढवीला विचार, त्याला माझा आवाज कुठून मिळाला? बावीस वर्षांत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही."

अहूदान पहिल्यांदाच हळू बोलला. "गाढवी म्हणते, चटईच्या पलीकडून ऐकला असेल, आजी. बावीस वर्षं."

"मग ऐकला तर ऐकला. ठेवायचा ना स्वतःजवळ."

काठीचा आवाज गेला. मी आडोशाला उभाच होतो. अहूदाननं माझ्याकडे बघितलं, काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं, आणि दाभण उचलून कामाला लागला. मी भाता ओढला. नेढं नवं काढलं, टोक मी दगडावर घासून घेतलं. नीट झालंय की नाही ते तूच बघ.

त्याच सकाळी ट्रक सुटायचा होता. गुरुवारच्या कार्यक्रमाला पोचायचं तर तोच शेवटचा. मी टेकडीवर चढलो, तिथं फोन नीट लागतो. निर्माता म्हणाला, "साहेब, या वेळी तोच सासूचा किस्सा पुन्हा घेऊ, लोक मागतायत. सासू नंतर काय म्हणाली, ते जोडा पुढं."

सासू नंतर काय म्हणाली, ते माझ्याकडे होतं. ताजं, तासाभरापूर्वीचं. गाढवीसकट. राइशातू, खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्या डोक्यात त्याची मांडणीसुद्धा झाली. गाढवी कुठं आणायची, कुठं थांबायचं. ही माझी जीभ अशी आहे. मग मी म्हणालो, "नाही. मी येत नाही." तो म्हणाला, या गुरुवारी की कधीच? खाली ट्रकनं भोंगा दिला. मी म्हणालो, "कधीच." तो अजून बोलत होता. मी फोन बंद केला आणि उतरताना चप्पल तुटली, त्याचाही राग राग केला. त्यागाबिगाचं काही वाटलं नाही. नुसता राग आला, सगळ्यांचा, आणि खाली पोचेपर्यंत सगळ्यांमधून एकच उरला, तो मीच.

मी तुझी माफी अहूदानबरोबर मागणार नव्हतो, तो तीन पेले पिऊन शेळीबद्दल बोलला असता. तोंडी मागायचीही हिंमत नाही, माझ्या तोंडाचं काय झालंय ते तू बघितलंस. म्हणून हे. तू विश्वासानं सांगितलंस ते मी विकलं. आईंचा आवाज मी बावीस वर्षं चटईआडून अदबीनं ऐकला आणि एका गुरुवारी उधळला. आईंना हे वाचून दाखव किंवा दाखवू नकोस. गाढवीमार्फत कळवलंस तरी चालेल.

दाभण तानफाबरोबर या पत्रासोबत पाठवतोय. चटया शिवायच्या असतील तर लागेल. नसतील तर दाभण आहेच, काही ना काही शिवायला लागतंच.

अंगणातल्या त्या चार खड्ड्यांत वारा रोज वाळू भरतो. मी रोज सकाळी हातानं काढतो. काल पाऊस आला आणि दोन खड्डे चिखलानं बुजले, तेही काढले. कोणी विचारलं तर सांगतो, खजुरांसाठी थांबलोय.

आज गुरुवार. संध्याकाळी दवाखान्याच्या अंगणात टीव्ही लागेल. माझ्या जागी दुसरा कोणी असेल. आईंना सांग, आजपासून टीव्हीकडे तोंड करून बसायला हरकत नाही.

खड्डे मोकळे ठेवून बसलेला,
घूमूर