गच्चीवरची तुळस तेवढी वाचली

योगिता, गच्चीवर रंगाच्या डब्यांत लावलेली मेथी-कोथिंबीर आज तोडू नको. परवापर्यंत हिरवीगार होती, आज सगळी करपली. मातीला तणनाशकाचा वास येतोय. आपल्या रामेश्वरनं चोरट्या वाळूच्या टिपरांची तहसीलात तक्रार केली, तवाच मला धास्ती वाटलेली. पण बाई, त्या डब्यांच्या मधोमध असलेली तुळस मात्र टवटवीत हाय. टाकणाऱ्यानं तेवढी सोडली. म्हणजे माणूस माळकरी, आपल्याच कीर्तनात मांडीला मांडी लावून बसणारा. मी देवळातच चाललेय, एकेकाच्या तोंडाकडं बघते. तू आतून कडी घाल. माझ्या आधी कुणी प्रसाद घेऊन आलं तर हात जोडून ठेवून घे, पण लहानग्या आरोहीच्या तोंडात त्यातला कणसुद्धा जाऊ देऊ नको.

तुझी सासू