लाकूड आणायला गेलो त्याची हकीकत

मुहर्रक, बहारीन
१० ऑक्टोबर १९८१

तीर्थरूप काशीअक्का हिच्या पायांशी धाकट्या शंभूचा डोकं टेकून नमस्कार. (खरोखर टेकलं. खोलीत चटई आहे.) तुझा गुडघा आता कसा आहे? मी पाठवलेलं तेल गुडघ्यासाठी होतं. भावोजी ते डोक्याला लावतात असं तू लिहिलंस. लावू देत, पण केस आले तर मला कळव, इथे बऱ्याच जणांना हवं आहे. माझी प्रकृती उत्तम. वजन थोडं वाढलं आहे, आणि ते एका देवळात जेवून वाढलं आहे.

तुला वाटत असेल शंभू बहारीनमध्ये बसून होड्या ठोकतो आहे. गणपती झाल्यावर मी इथे नव्हतोच. सयामात होतो, ज्याला आता थायलंड म्हणतात. आमच्या कारखान्याचे म्हातारे मालक तुला माहीत आहेत. त्यांचा मुलगा नजीब, पन्नाशीचा, अंगाने रुंद, बोलणं थोडं आणि तेही रागावल्यासारखं. मोठ्या गलबताला सागाचे लांब ओंडके हवे होते, ते पारखायला सुतार म्हणून त्याने मला विमानात घातलं. बँकॉकहून आगगाडीने एक अख्खा दिवस गेल्यावर नान नावाच्या नदीकाठी आम्ही उतरलो. (गावाचं नाव मी तीनदा विचारलं आणि तीन वेळा वेगळं ऐकू आलं, म्हणून लिहीत नाही.)

लाकूड विकणाऱ्याच्या दुकानाला कुलूप. बाहेर गोरखपूरकडचा एक माणूस डोक्यावर पाटी घेऊन भाजलेले शेंगदाणे विकत होता. तीस वर्षं त्या देशात राहूनही त्याची हिंदी जशीच्या तशी होती. तो म्हणाला, "शेटजींची आई वारली. ते पंधरा दिवस भिक्षू झालेत. समोरच्या देवळात आहेत."

तिकडे अशी रीत आहे, अक्का. आई गेली की चांगला संसारी माणूस डोकं भादरून भगवं नेसतो, भिक्षा मागतो, आणि ते पुण्य तिला लाभतं. तेवढे दिवस त्याने पैशाला हात लावायचा नाही आणि धंद्याचं बोलायचं नाही. नजीबने हे दोनदा समजावून घेतलं आणि मला विचारलं, "पंधरा?" मी म्हटलं, "पंधरा."

आमच्याकडे खर्चाला चार दिवसांचे पैसे होते. लाकडाचे पैसे नजीबच्या कमरेच्या पट्ट्यात होते, पण त्यांना हात लावणार नाही अशी त्याने वडिलांसमोर शपथ घेतली होती. शेंगदाणेवाल्याने आमची तोंडं बघितली आणि देवळाच्या धर्मशाळेत नेऊन सोडलं. तिथे राहायला काही पडत नाही. भिक्षूंचं जेवण झालं की उरलेलं कुणीही खावं. भात, नदीचा मासा, पपई. नजीब प्रत्येक पातेल्याजवळ उभा राहून "यात डुक्कर आहे का" हे हातवाऱ्यांनी विचारायचा. तो अभिनय बघायला गावातल्या बायका जेवणाच्या वेळेला जमू लागल्या, आणि येताना त्याच्यासाठी निराळा मासा आणू लागल्या.

फुकटात त्या गावात काय काय करता येतं ते मी तुला सांगू शकतो, कारण आम्ही सगळंच केलं. पहाटे नदीवर धुकं असताना भिक्षूंची रांग अनवाणी निघते आणि लोक दारात गुडघे टेकून त्यांच्या पात्रात भात घालतात. कुणी बोलत नाही. आमचा लाकूडवाला त्या रांगेत शेवटून दुसरा. ज्याच्या वखारीत दहा हत्ती काम करायचे म्हणतात, तो माणूस एका म्हातारीच्या झोपडीसमोर पात्र धरून उभा होता. पहिल्या दिवशी नजीब त्याला लाकडाचं विचारायलाच पुढे झाला होता, पण जवळ गेल्यावर त्याने स्वतःच्या चपला काढल्या आणि बाजूला उभा राहिला. मग रोजच जाऊन उभा राहायचा. 

देवळाच्या घाटावर मासे धरायला बंदी आहे. त्यामुळे भाताचं एक शीत टाकलं की माणसाच्या मांडीएवढे मासे शेकड्यांनी वर येतात आणि पाणी उकळल्यासारखं दिसतं. (आपल्या खाडीवर जन्म काढलेला मी, तोंड उघडं ठेवून बसलो.) नावेने पैलतीराला जायला एक नाणं पडतं, आणि उतरलं नाही तर त्याच नाण्यात परत येता येतं. आम्ही सहसा उतरत नसू. संध्याकाळी एका अंगणात पडदा लावून फुकट सिनेमा दाखवत. दोन संध्याकाळी आम्ही पुढे बसून पोट धरून हसलो. तिसऱ्या दिवशी कळलं की तो सिनेमा मेलेल्या माणसाच्या मानासाठी असतो आणि पडद्याशेजारी ठेवलेली ती सजवलेली पेटी म्हणजे काय. मी माफी मागायला गेलो तर त्यांनी मलाच सरबत दिलं. आजोबांना हसणारी माणसं आवडायची, म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. देवळाच्या मागे लांब छपरात शर्यतीची होडी होती. एका झाडाची, अक्का. एकच खोड कोरून चाळीस माणसं बसतील एवढी. मी अठरा वर्षं होड्या बांधतो आहे, पण असं खोड पाहिलं नव्हतं. तिच्या कडेवरून हात फिरवत टोकापर्यंत चालत गेलो. तळाला हातभर चीर होती आणि त्यांनी तिच्यात राळ भरली होती, जी पाण्यात टिकली नसती. शर्यत सहा दिवसांवर. नीट बघावं म्हणून मी चपलांसकट पुढच्या टोकावर चढलो, आणि तीन म्हाताऱ्या ओरडत धावून आल्या. त्या टोकाला रंगीत फडकी बांधलेली होती. शेंगदाणेवाला म्हणाला, "त्या झाडात एक बाई राहते. तोडल्यावर ती होडीत आली. तू तिच्या डोक्यावर उभा आहेस." मी फुलं आणली, उदबत्ती लावली, नाक घासलं. नजीब हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आमच्याही जहाजात पाय कुठे ठेवायचा नाही ते ठरलेलं असे. नीट माफी माग."

मग ती चीर मी आपल्या पद्धतीने भरली. राळ खरवडून काढली, तेलात भिजवलेला कापूस ठोकून ठोकून बसवला. चार दिवस लागले. पाण्यात घातली त्या सकाळी मी गळती बघायला तळाशी बसलो होतो. एक वल्हेकरी तापाने आला नव्हता, म्हणून तोल साधायला त्यांनी नजीबला मागे बसवलं. पोरं जोरात होती पण वल्ही एकत्र पडत नव्हती, होडी नुसती डुलत होती. नजीबचा आजा मोती काढणाऱ्या जहाजावर गाणारा होता, म्हणजे खलाशांनी एका ठेक्यात वल्हवावं म्हणून गाणारा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की माझ्या मागून एक आवाज निघाला, जाडा, खालून वर येणारा. शब्द त्या पोरांना कळले नाहीत, मलाही निम्मे कळले नाहीत. पण दहाव्या ओळीपर्यंत चाळीस वल्ही एकदम पडत होती आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या होत्या. मी गळती बघायची विसरलो. ती झालीच नव्हती.

शर्यतीत आमची होडी तिसरी आली. होड्या चार होत्या. तरी गावाने आम्हाला भात खाऊ घातला.

पंधराव्या दिवशी लाकूडवाला पँट घालून आला, आमच्यासमोर बसला, आणि फार नम्रपणे म्हणाला की सगळे लांब ओंडके त्याने आईच्या नावाने देवळाच्या नव्या सभामंडपाला देऊन टाकले आहेत. नदीकाठच्या ज्या ओंडक्यांवर बसून आम्ही पंधरा दिवस दुपारची सुपारी कातरली, तेच. नजीब कमरेचा पट्टा आवळत उठला. मग म्हणाला, "खलास. यल्ला शंभू, घरी."

असं आमचं लाकूड आणणं झालं. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
शंभू

ता. क. तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानाचं उत्तर लिहायचं राहिलं. मंगलाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं, फार आनंद झाला. पण म्हाताऱ्या मालकांनी ते पंधरा दिवस माझ्या रजेत धरले आहेत. लाकूड नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे रजा. तेव्हा मामा म्हणून मला उभं राहता येणार नाही. हे आधी लिहिलं असतं तर तू वरचं काही वाचलं नसतंस.

दुसरा ता. क. (१४ ऑक्टोबर) वरचं पत्र चार दिवस ट्रंकेत पडून होतं, टाकायला हात होईना. नजीबने विचारलं, मी सांगितलं. तो आत जाऊन वडिलांशी तासभर भांडला. मला कळलेले शब्द दोनच, 'शंभू' आणि 'इजाझा', म्हणजे रजा. वीस दिवस मिळाले. मात्र नजीबही लग्नाला येतो आहे. आता एक काम तुला करावं लागेल. त्या नदीकाठी बसल्या बसल्या मी त्याला सांगितलं आहे की आपल्या दारात खाडीला आपली स्वतःची होडी आहे, बाबांनी बांधलेली. ती बाबांच्या आजारपणात विकली हे सांगायचं होतं, पण तोंडातून 'आहे' असंच निघत गेलं. तेव्हा कुणाची तरी होडी मागून दारात बांधून ठेव. गळकी चालेल. मी त्याच्या चार दिवस आधी पोचतो.