जोडीचे दोन चाकू

ती. भावोजींना,

तुमच्या एकुलत्या एका, आणि म्हणूनच त्यातल्या त्यात बऱ्या, मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडे सगळं उत्तम. रोपवाटिका जागेवर आहे, मालक जागेवर आहेत, त्यांचा आवाजही जागेवर आहे. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायचं नाही असं ताईने बजावलंय, म्हणून विचारत नाही. जेवण जातं का, मालिश करणारे वेळेवर येतात का, अजून भिंतीकडेच तोंड करून पडून असता का, हेही मी विचारलेलं नाही याची नोंद घ्यावी.

(ताई, पत्र तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून एक ठरवून टाकू. कंसात जे असेल ते फक्त तुझ्यासाठी. ते मनातल्या मनात वाच आणि पुढे चल. फार वेळ थांबू नकोस, त्यांना संशय येईल. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, पण कान शाबूत आहेत.)

आता एक वाईट बातमी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्यामानाने बरं वाटेल. दवाखान्यातून लेकीच्या घरी निघताना तुम्ही तुमचा घडीचा चाकू डाव्या हाताने माझ्या मांडीवर टाकलात आणि गाडीच्या खिडकीकडे तोंड फिरवलंत.  तो चाकू मी मोडला. कलम करताना मोडला असता तर निदान सांगायला तरी बरं दिसलं असतं. मालकांना फाटकावरची पाटी रंगवायची होती, रंगाच्या डब्याचं झाकण निघेना, आणि मी पातं त्यात घालून जोर लावला. 'टक्' असा आवाज झाला. रोपांना पाणी घालायला उभ्या असलेल्या मावशींनी पाइप खाली टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं, की झाकण निघालं याचा आनंद मला घेताच आला नाही.

तोपर्यंत मी त्या चाकूने काय दिवे लावले, तेही ऐका. एकतीस वर्षं आपलं काम ठरलेलं. तुम्ही जंगली गुलाबाच्या खुंटाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा अंकुराचा डोळा अलगद उचलून त्या चिरेत सरकवायचा, आणि मी पट्टी गुंडाळून गाठ मारायची. तुम्ही गेल्यावर मालकांनी कापण्याचं कामही मलाच दिलं. (त्यांना वाटलं, एकतीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला येत असेलच. ताई, मलाही तसंच वाटलं होतं.) मी साठ खुंटांवर डोळे भरले. त्यातले चार फुटले. मी मालकांना हाताला धरून आणलं, कोंब दाखवले, स्वतःची पाठ थोपटून घेतली. मालकांनी चष्मा पुसला, खाली वाकले आणि म्हणाले, "अरे, हे तर खालच्या जंगली खुंटाचेच कोंब आहेत. तू भरलेले डोळे वरती वाळलेत." म्हणजे पंधरा दिवस मी काट्यांना लाडाने पाणी घालत होतो.

नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने मी सगळा दोष चाकूला दिला. तो मोडलेलाच होता, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही. मग ठरवलं, की आता नवे चाकू घ्यायचे, आणि एक नाही, जोडी घ्यायची. एक माझ्या खिशाला आणि एक तुमच्या. तुमच्या खिशात चाकू नाही ही कल्पनाच मला सहन होत नाही. तुम्ही एक वेळ चप्पल विसराल, पण चाकू नाही. पेन्सिलीला टोक, पार्सलची दोरी, पायातला काटा, ताईच्या औषधाच्या बाटलीचं बूच, सगळ्याला तोच. लेकीच्या लग्नातही तो नव्या कपड्यांच्या खिशात होता आणि मंडपाची अडकलेली दोरी शेवटी त्यानेच कापली.

पहिलं दुकान भांड्यांचं. तिथल्या विक्रेत्याने एक जाडजूड वस्तू काढून दिली आणि म्हणाला, यात चौदा हत्यारं आहेत. कात्री, करवत, कानस, दात कोरायची काडी, भिंगसुद्धा. मी एकेक उघडत गेलो. चाकू तेरावा निघाला, तोही माझं अर्धं नख घेऊन. त्या चौदांपैकी एकही मिटता येईना, तेव्हा साळिंदरासारखी काटे फुललेली ती वस्तू तशीच त्याच्या हातात देऊन मी बाहेर पडलो.

दुसरीकडे जाण्याआधी मी एक शहाणपणा केला. तुमचा चाकू तुम्हाला एका हाताने उघडता यायला हवा, मग निवडायचा तर तसाच निवडू, म्हणून सकाळपासून उजवा हात मफलरने कमरेच्या पट्ट्याला बांधून टाकला. शर्टाची बटणं लावायला चाळीस मिनिटं लागली आणि तीही एक घर चुकून. दाढी केली, तर मावशींनी कुठे पडलास म्हणून विचारलं. दुकानात गेलो, तर तो माणूस माझ्या चेहऱ्याकडे न बघता त्या लपवलेल्या हाताकडेच बघत राहिला, आणि मी चाकू मागितल्यावर हळूच गल्ल्याकडे सरकला. त्याच्याकडे एका हाताने उघडणारा चाकू होता, बटण दाबलं की सटकन पातं बाहेर. बाहेर आलं ते माझ्या शर्टाचं बटण उडवून. जे लावायला दहा मिनिटं गेली होती तेच नेमकं! असला चाकू तुमच्या खिशात शोभला नसता. तुम्ही काडी कापायला काढला असतात आणि लोकांनी हात वर केले असते.

(ताई, दुपारी जेवताना ताट सरकत राहिलं आणि मी रडकुंडीला आलो. मग मफलर सोडला आणि दोन्ही हातांनी जेवलो. मला सोडता आला. ते ताट भिंतीवर भिरकावतात असं तू लिहिलं होतंस आणि मी तुला लिहिलं होतं, की त्यांना जरा समजाव. ते वाक्य मी मागे घेतो.)

तिसरीकडे मात्र काम झालं. एका बोळात एक म्हातारे कारागीर आहेत. खोलीत एक भट्टी, धार लावायची एक सहाण आणि खिडकीत वाळत घातलेले लाकडाचे तुकडे. ते बोलत फार नाहीत. मी तुमच्या चाकूचे दोन तुकडे त्यांच्यापुढे ठेवले, तर आधी त्यांनी माझा हात मागितला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पट्टी ओढून ओढून पडलेला माझ्या बोटावरचा वळ त्यांनी बघितला आणि म्हणाले, "हा कापणारा हात नाही. हा बांधणारा आहे." एकतीस वर्षांत माझ्या गाठींची दखल घेणारा हा पहिला माणूस, आणि तो नकार देण्यासाठी!

मग त्यांनी विचारलं, दुसरा चाकू कुणाला? मी सांगितलं, भावोजींना, पण त्यांचा उजवा हात गेला. त्यांनी सहाणेवरचं पाणी पुसलं आणि विचारलं, "डाव्या हाताने काय करायचे?" मी म्हटलं, काही नाही, नुसती काडी धरायचे. ते म्हणाले, "धरायचे, फिरवायचे, चाकूपुढे सरकवायचे. म्हणजे तो हात एवढी वर्षं अगदी जवळून सगळं बघत बसलाय. त्याला शिकवायला लागणार नाही, फक्त विचारायला लागेल." भावोजी, हे वाक्य मी चिठ्ठीवर उतरवून आणलंय, कारण एवढी शहाणी गोष्ट मी बोललो असं तुम्हाला खरं वाटलं नसतं.

त्यांनीच समजावलं, की कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते. उजव्याचा चाकू डाव्या हातात दिला तर तो काडीत तिरका घुसतो. म्हणून तुमच्या चाकूला त्यांनी उलट्या बाजूने धार काढली आणि एका अंगठ्याने पातं उघडता यावं अशी रुंद खाचही उलट्या बाजूला पाडली. माझा नेहमीसारखा. आणि दोन्हींची जोडी कशी जमवली ते ऐका. तुमच्या जुन्या मुठीला दोन लाकडी पट्ट्या होत्या, एकेका बाजूला एकेक. त्यांनी त्या सोडवल्या. एक तुमच्या नव्या चाकूला लावली आणि दुसरी, तुमच्या अंगठ्याने झिजून खोलगट झालेली, माझ्या. उरलेल्या दोन बाजूंना नवं लाकूड. त्या खोलगट जागेत मी माझा अंगठा ठेवून बघितला. बसत नाही. तुमचा अंगठा फार मोठा आहे, भावोजी.

(ताई, आता जे लिहितो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यांचं अंग गेलं त्या दिवशी सकाळी त्यांच्या हातून चाकू तीनदा पडला, आणि तिन्ही वेळा मी हसलो. म्हटलं, भावोजी, चाकू तुम्हाला कंटाळला. मग त्यांचं तोंड एका बाजूला झालं. मला वाटलं, मालकांची नक्कल करताहेत. इतकी छान जमली होती, की मी टाळीसाठी हात पुढे केला. त्यांनी हात उचलला नाही, आणि मी तो तसाच पुढे धरून हसत बसलो. मावशींनी ओरडून पाइप टाकला तेव्हा कुठे कळलं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. ते 'जरा' माझ्यापाशी अडकलं, ताई. जन्मभर सगळ्यांना हसवलं, आणि नको तिथे स्वतः हसलो. ते गाडीत खिडकीकडे का बघत होते ते मला माहीत आहे.)

असो. पत्र लांबलं. सोबत पार्सलने चाकू पाठवत आहे. तेलाचा हात फिरवावा आणि खिशात ठेवावा. वापरलाच पाहिजे असं नाही. लेकीला आशीर्वाद, ताईला नमस्कार, आणि तुम्हाला पुन्हा एकदा साष्टांग.

आपला,
बांधणारा

ता. क. पार्सल शिवून झाल्यावर लक्षात आलं, की चुकून माझा चाकू त्यात गेला. खोलगट पट्टी बघितलीत की कळेल. तुमचा, डाव्या हाताचा, इथे माझ्याकडे राहिला आहे. माझ्या हातात तो काड्यांचा चुरा करतो, त्यामुळे सध्या काम बंद.

ता. क. २. चुकून नाही. हा पोस्टाने बदलायचा व्यवहार नव्हे. पुढच्या महिन्यात डोळे भरायचे दिवस पुन्हा सुरू होतात. पन्नास खुंट राखून ठेवलेत आणि तुमची खुर्ची माझ्या उजवीकडून उचलून डावीकडे मांडली आहे. मी धरायचं, तुम्ही कापायचं, मी बांधायचं. पूर्वी चार हात होते, आता तीन आहेत. जास्त काही बिघडलेलं नाही.

ता. क. ३. ताई, आता मागे जा आणि कंसातलं सगळं त्यांना वाचून दाखव. मोठ्याने. टाळीचं दोनदा वाच. मला तोंडाने सांगता येणार नाही, मी काहीतरी विनोद करीन. ऐकून झाल्यावर चाकू पार्सलने परत आला, तर काय समजायचं ते मी समजेन. पण शक्यतो त्यांनी स्वतः आणून द्यावा, डाव्या हाताने.