फोटोतली बाई

उमेळे, ता. १२ मार्च १९५५

चि. मंदा,

तुला आणि बाळाला आशीर्वाद. जावळ दाट आहे असं जावईबापूंनी लिहिलं, वाचून बरं वाटलं.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी मी मांडवावर सुकत घातलेली राजेळी केळी उलटत होते. नाना बागेला पाणी लावायला निघाले. म्हणाले, “मंदाकडे न्यायची सुकेळी आहेत, नीट वाळव.” मी चहा ठेवला. ते असो, पुढे लिहिते.

बाळंतपणाला तुला दमणहून येता येईना, म्हणून दिवाळीत नानांनी आणि मी परवाने काढले होते. गेल्या सोमवारी मी माझा घेऊन निघाले. वापीपुढे आपल्या नाक्यावर शिपायाने सुकेळ्यांचा एकेक पुडा सोडला. पलीकडचं सोनं घ्यायला आतून नोटा नेतात म्हणे. सगळे पुडे पुन्हा बांधत मी उन्हात बसले.

पलीकडच्या पोर्तुगीज नाक्यावर फिरंग्यांच्या कारकुनाने परवान्यावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं. फोटोत नथ, मंगळसूत्र, कपाळभर कुंकू. म्हणाला, “ही बाई तुम्ही नाही.”



रांगेत अर्नाळ्याची जयवंती कोळीण होती. तिने मला बाजूला नेलं आणि चंचीतून कुंकवाची डबी काढली. “लाव गं बाय. पलीकडं गेलीस का पान्यानं पुसून टाक. त्याला काय कलतंय?”

मी डबी उघडलीसुद्धा. पण एकदा पुसलं ते आळीतल्या बायकांनी. आता माझ्याच हाताने पुसायचं? डबी परत दिली. सुकेळी तिच्याबरोबर पाठवली आणि मागे फिरले.

पुढचं बाळाला खाली ठेवून वाच.

त्या सकाळी चहा गार झाला तरी नाना आले नाहीत. जाऊन पाहिलं, तर केळीला टेकून बसलेले, पाणी वाफ्याबाहेर वाहत होतं. हाक मारली. गेले होते. तू दिवसांत होतीस, म्हणून सगळ्यांनी सांगितलं, कळवू नका. मी ऐकलं. नानांचा हात दुखतो म्हणून मी लिहिते, असं दोन पत्रांत लिहिलं, आणि खाली ‘नाना-आई’ अशी सहीही मीच केली.

नाक्यावरून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वसईला गेले आणि परवान्यासाठी मोकळ्या कपाळाने नवा फोटो काढला. एक प्रत सोबत आहे.

आई